आठ तासांची पुळण: कॅरिबियन बंदरातला एक दिवस आणि किनाऱ्याचा हक्क

समजा, तुमचे क्रूझ जहाज सकाळी आठ वाजता जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावरील फालमथ बंदराला लागले आहे. दुपारी साडेचारला ते सुटणार आहे. जहाजावर काही हजार प्रवासी आहेत. त्यांतले बरेच जण कंपनीने आखलेल्या सहलींच्या बसमध्ये चढतील. तुम्ही मात्र ठरवले आहे की आपले आपण बाहेर पडायचे, टॅक्सी करायची, एखाद्या पुळणीवर दिवसभर पोहायचे, मासे खायचे आणि वेळेत परत यायचे. यात इतिहासाचा पाठ कुठे आला, असे तुम्हाला वाटेल.

तो दोन फाटकांपाशी येतो. पहिले फाटक बंदराचे आणि दुसरे पुळणीचे. पहिल्याची सवय आपल्याला असते, कारण परदेशी बंदरात तपासणी होणारच. दुसऱ्या फाटकाशी कोणीतरी तुमच्याकडून प्रवेशशुल्क घेते. समुद्र कोणी बांधला नाही आणि वाळूही कोणी आणून टाकली नाही (काही ठिकाणी ती खरोखर आणून टाकलेली असते, पण ते असो). मग हे पैसे कशाचे? ते घेण्याचा अधिकार कोणाला आणि कधी मिळाला? आणि ज्या मुलाचे घर पुळणीपासून पाच मिनिटांवर आहे, त्यालाही ते द्यावे लागतात का? या पाठात आपण या प्रश्नांचा माग काढणार आहोत. त्यासाठी जमैका हे आपले मुख्य उदाहरण असेल. वाटेत इतर तीन-चार बेटे भेटतील.

केळ्यांच्या वेळापत्रकावर

आधी आठ तासांचे पाहू. एखादे बेट पाहण्यासाठी आठ तास ही विचित्र मुदत आहे. तिच्या मुळाशी प्रवाशाची सोय नव्हती, माल होता.

१८७० साली लोरेन्झो डो बेकर या अमेरिकन कप्तानाने जमैकातून केळी भरून ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर विकली. धंदा जमला. १८८५ मध्ये बोस्टन फ्रूट कंपनी उभी राहिली आणि १८९९ मध्ये ती युनायटेड फ्रूट कंपनीत विलीन झाली. या धंद्याची एक अडचण होती. उत्तरेकडे जाताना जहाज केळ्यांनी भरलेले असे, पण दक्षिणेकडे परतताना ते जवळजवळ रिकामे येई. त्या रिकाम्या जागेत कंपनीने प्रवासी बसवले. हिवाळ्याला कंटाळलेले, हातात पैसे असलेले अमेरिकन लोक कॅरिबियनमध्ये येऊ लागले. ऊन परतवण्यासाठी जहाजे पांढरी रंगवलेली होती. आजची क्रूझ जहाजे बहुधा पांढरीच असतात, यावरून ही परंपरा किती लांब पोचली ते लक्षात येईल. पोर्ट अँटोनिओत बेकर यांच्याच कंपनीने टिचफील्ड हॉटेल चालवले. वसाहतीचे सरकारही मागे नव्हते. १८९१ साली किंग्स्टनमध्ये मोठे प्रदर्शन भरायचे होते, म्हणून पाहुण्यांसाठी हॉटेले उभी राहावीत यासाठी १८९० मध्ये खास कायदाच करण्यात आला.

केळी हा नाशवंत माल. घड जहाजात चढले की जहाज निघालेच पाहिजे. धक्क्यावर बाया डोक्यावर घड वाहून नेत, त्यांची मोजदाद होई, आणि ही चढाई चालू असेपर्यंत प्रवाशाने किनाऱ्यावर फिरून घ्यावे, असा हिशोब असे. म्हणजे पर्यटकाचा बंदरातला दिवस हा मजुरांच्या कामाच्या पाळीएवढा लांब होता. जमैकाच्या पर्यटनाच्या जाहिरातींत ही चित्रे शेजारी शेजारी असत, पण त्यांचा हा संबंध क्वचितच कोणी सांगे.

आज केळी नाहीत, तरी वेळापत्रक आहे. त्याची कारणे आता दुसरी आहेत. आधुनिक क्रूझ उद्योग मायामीत वाढला. १९६६ मध्ये 'सनवर्ड' हे जहाज तिथून नियमित सफरी करू लागले, १९६८ मध्ये रॉयल कॅरिबियन कंपनी स्थापन झाली, आणि १९७२ मध्ये कार्निव्हलचे पहिले जहाज 'मार्दी ग्रा' आपल्या पहिल्याच सफरीत मायामीबाहेर वाळूत रुतून बसले. सुरुवात अशी झालेली कंपनी पुढे या धंद्यात सर्वांत मोठी झाली. ही जहाजे बहुतेक परदेशी ध्वजाखाली नोंदलेली असतात. अमेरिकेच्या १८८६ च्या प्रवासी जहाज कायद्यानुसार परदेशी ध्वजाचे जहाज नुसते अमेरिकी बंदरांमध्ये प्रवासी ने-आण करू शकत नाही. सफर अमेरिकेत सुरू होऊन अमेरिकेतच संपणार असेल, तर मधे परदेशी बंदर लागते. म्हणून बहामा, जमैका किंवा मेक्सिको ही बंदरे केवळ सौंदर्यामुळे वाट्यावर आलेली नाहीत. पण जहाज बंदरात उभे असताना त्यावरचा जुगारखाना आणि करमुक्त दुकाने सहसा बंद ठेवावी लागतात. त्या वेळात कंपनीची कमाई किनाऱ्यावरच्या सहलींतून होते.

इथे स्वतंत्रपणे बाहेर पडणाऱ्याचा मुद्दा येतो. कंपनीच्या सहलीतली बस उशिरा आली, तर जहाज थांबते किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवण्याची सोय कंपनी करते. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर झाला, तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. ही भीती खोटी नाही, पण ती विकायची वस्तूही आहे. तिच्यात एक बारीक गोम घड्याळाची आहे. जमैका उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, फ्लोरिडा करते. उन्हाळी सफरीत जहाजावर फ्लोरिडाचीच वेळ चालू ठेवली, तर जहाजावर चार वाजतात तेव्हा गावात तीनच वाजलेले असतात. मोबाइल मात्र आपण होऊन गावची वेळ दाखवतो. जहाजाची वेळ मनगटी घड्याळात लावून ठेवणे हा साधा उपाय. परतण्याची अंतिम वेळ जहाज सुटण्याच्या वेळेपेक्षा अर्धा तास तरी आधी असते, हेही ध्यानात ठेवावे.

पहिल्या फाटकाबाहेर

फालमथचे नवे क्रूझ बंदर २०११ मध्ये सुरू झाले. जमैकाचे बंदर प्राधिकरण आणि रॉयल कॅरिबियन यांचा तो संयुक्त प्रकल्प होता, आणि तो त्या काळातली जगातली सर्वांत मोठी प्रवासी जहाजे डोळ्यांसमोर ठेवून आखला होता. फाटकाच्या आतच दुकाने, खाद्यगृहे आणि बसथांबा आहे. त्यामुळे अनेक प्रवासी जहाजातून दुकानात, दुकानातून बसमध्ये आणि बसमधून एखाद्या कुंपणबंद पुळणीवर जातात, आणि गावात पाऊलही न टाकता परततात. गावातल्या विक्रेत्यांची तक्रार नेमकी हीच राहिली आहे.

तुम्ही चालत बाहेर पडलात, तर दहा मिनिटांत अठराव्या शतकात पोचता. फालमथ १७६९ मध्ये वसले ते साखरेसाठी. आसपासच्या ट्रेलॉनी परगण्यातल्या उसाच्या मळ्यांची साखर आणि रम इथून जहाजात चढे, आणि आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे इथे उतरवली जात. गावातल्या जॉर्जियन घाटाच्या घरांचा पैसा तिथला आहे. १८३१ च्या डिसेंबरात सॅम शार्प यांच्या नेतृत्वाखाली पश्चिम जमैकातल्या गुलामांनी उठाव केला. मे १८३२ मध्ये शार्प यांना माँटेगो बेत फाशी झाली. पण पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेला गुलामगिरी बंद करण्याचा कायदा करावा लागला. १८३४ पासूनची 'उमेदवारी' नावाची अर्धी गुलामी १ ऑगस्ट १८३८ ला संपली. त्या रात्री फालमथमध्ये विल्यम निब या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या चर्चमधल्या लोकांनी साखळदंड, चाबूक आणि गळ्यातले लोखंडी कडे खड्डा खणून पुरले.

मळे चालवायला मग नवे मजूर हवे होते. १० मे १८४५ रोजी 'ब्लंडेल हंटर' हे जहाज ओल्ड हार्बर बे इथे करारबद्ध भारतीय मजुरांना घेऊन आले. १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार भारतीय जमैकात उतरले. त्यांतले बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले होते. मराठी मुलखातून थेट जाणारे फारच थोडे. मराठी आणि कोंकणी बोलणाऱ्यांचा या किनाऱ्यांशी खरा संबंध आला तो अलीकडे, जहाजांवरच्या नोकऱ्यांमुळे. गोवा आणि मुंबईतून क्रूझ जहाजांवर स्वयंपाकघरात, भोजनगृहात, केबिनमध्ये काम करणारे शेकडो तरुण हीच बंदरे पाहतात. पण त्यांचा बंदरातला दिवस आठ तासांचा नसतो. दोन पाळ्यांच्या मधले दोन-तीन तास मिळतात, आणि आपत्कालीन कामासाठी काही जणांना आळीपाळीने जहाजावरच थांबावे लागते. धक्क्याजवळची फुकट पुळण कोणती, हे त्यांना प्रवाशांपेक्षा जास्त पक्के माहीत असते. तुमच्या वर्गातला कोणी पुढे तिकडे गेला, तर तो पर्यटक म्हणून जाईल की कामगार म्हणून, यावर त्याला किनारा किती वेळ दिसेल ते ठरेल.

दुसरे फाटक

आता टॅक्सी करा. जमैकात परवानाधारक टॅक्सीची पाटी लाल असते. भाडे बसण्याआधी ठरवावे आणि परतीची वेळ त्याच वेळी पक्की करावी. पश्चिमेला पस्तीसेक किलोमीटरवर माँटेगो बे आहे आणि तिथे 'डॉक्टर्स केव्ह' ही प्रसिद्ध पुळण आहे. तिचा इतिहास आपल्या कामाचा आहे.

मळ्यांच्या काळात वाळूच्या पट्ट्याला किंमत नव्हती. तिथे ऊस होत नाही. दलदलीजवळचा किनारा म्हणजे हिवताप. मळेवाल्याचा वाडा उंचावर असे. किनाऱ्यावर राहायचे ते कोळी, होड्या दुरुस्त करणारे आणि मळ्यातून सुटून आलेली माणसे. समुद्रस्नान आरोग्याला चांगले, ही युरोपीय कल्पना रुजली तसा वाळूला भाव आला. १९०६ मध्ये अलेक्झांडर मॅककॅटी या डॉक्टरांनी आपल्या मालकीची पुळण एका स्नानक्लबला देऊन टाकली. तीच ही डॉक्टर्स केव्ह. ज्या गुहेवरून नाव पडले ती १९३२ च्या वादळात कोसळली, पण क्लब आणि प्रवेशशुल्क टिकले. देणगी उदार होती, पण ती क्लबला होती, गावाला नव्हती. आणि त्या काळी क्लबाचा सदस्य कोण होऊ शकतो, हे कातडीच्या रंगावरून बरेचसे ठरत असे. १९४८ मध्ये किंग्स्टनच्या मर्टल बँक हॉटेलात पत्रकार इव्हॉन ब्लेक यांनी गोऱ्यांसाठी राखीव समजल्या जाणाऱ्या तलावात सरळ उडी मारली आणि बाहेर काढून दाखवा, असे आव्हान दिले. जमैकात रंगभेदाचा लेखी कायदा नव्हता. जिथे फाटक असते तिथे लेखी कायद्याची गरज पडत नाही.

पण कायदा होता, आणि तो फार जुना. १८२१ साली इंग्लंडमध्ये ब्लंडेल विरुद्ध कॅटरॉल हा खटला झाला. लिव्हरपूलजवळच्या ग्रेट क्रॉसबी गावातल्या एका हॉटेलचा नोकर पाहुण्यांना चाकांवरच्या लाकडी खोल्यांतून समुद्रात स्नानाला नेई. त्यासाठी तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून गाड्या हाकत असे. तिथल्या जमीनदाराने दावा लावला. न्यायालयाने बहुमताने ठरवले की समुद्रात मासेमारी आणि नौकानयन करण्याचा लोकांना हक्क आहे, पण स्नानासाठी किनारा ओलांडून जाण्याचा असा सर्वसाधारण हक्क इंग्लिश कायद्यात नाही. न्यायमूर्ती बेस्ट यांनी विरोधी मत दिले. समुद्रापर्यंतची मोकळी वाट ही कोणा एकाच्या मर्जीवर सोडण्याइतकी क्षुल्लक गोष्ट नव्हे, असा त्यांचा सूर होता. ते मत मागे पडले, आणि बहुमताचा निकाल इंग्लिश कायद्याबरोबर वसाहतींत गेला. एका हॉटेलच्या नोकराविरुद्धचा निकाल पुढे हॉटेलवाल्यांच्या उपयोगी पडावा, हा इतिहासाचा वक्रपणा मला नेहमी विलक्षण वाटतो.

१९५६ मध्ये, स्वातंत्र्याच्या सहा वर्षे आधी, जमैकात 'बीच कंट्रोल ॲक्ट' आला. त्याचे मुख्य कलम असे की भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरील आणि समुद्रतळावरील हक्क राजसत्तेकडे, म्हणजे सरकारकडे असतील. ऐकायला हे सार्वजनिक मालकीसारखे वाटते. पण सरकारची मालकी आणि लोकांचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. या कायद्याने लोकांना पोहण्याचा सर्वसाधारण हक्क दिला नाही. किनाऱ्याला लागून ज्याची जमीन आहे त्याला घरगुती स्नानासाठी समोरचा पट्टा वापरायला परवाना लागत नाही. धंदा किंवा सार्वजनिक स्नानस्थळ चालवायचे तर परवाना लागतो, आणि तो हॉटेलाला मिळू शकतो. व्यवसाय म्हणून मासेमारी करणाऱ्यांचे आधीपासूनचे हक्क कायद्याने राखले. म्हणजे कोळ्याला होडी ओढता येते, पण त्याच्या शाळकरी मुलीला त्याच वाळूत केवळ पोहण्यासाठी जायचे तर तिच्या बाजूने हा कायदा काही बोलत नाही. १९६२ च्या ६ ऑगस्टला जमैका स्वतंत्र झाला, ध्वज बदलला, आणि हा कायदा पुढे चालू राहिला.

'भरती-ओहोटीचा पट्टा' म्हणजे किती, हाही विचार करा. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर वाढलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर ओहोटीला लांबपर्यंत उघडी पडणारी ओली वाळू येईल. मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही पुढे जातो. कॅरिबियन समुद्रात तो अर्धा मीटरसुद्धा नसतो. त्यामुळे कायद्याने सरकारकडे ठेवलेला पट्टा काही ठिकाणी चार-दोन पावलांचाच भरतो. त्याच्या वरची कोरडी वाळू, जिथे तुम्ही चटई टाकणार, ती खासगी जमीन असू शकते. आणि सरकारी पट्ट्यापर्यंत पोचायला रस्ता द्यावाच, अशी सक्ती जमीनमालकावर नाही. तुमच्याकडून दुसऱ्या फाटकाशी घेतलेले पैसे समुद्राचे नसतात. ते त्या कोरड्या वाळूचे, वाटेचे, आणि अर्थात नळाचे, शौचालयाचे नि जीवरक्षकाचे असतात. शेवटच्या तीन गोष्टींसाठी पैसे देण्यात गैर काही नाही. वाद पहिल्या दोन गोष्टींचा आहे.

तेच जहाज, दुसरा कायदा

तुमचे जहाज दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या बेटाला लागते. पाणी तसेच निळे, वाळू तशीच पांढरी, पण पायाखालचा कायदा बदललेला असतो.

मार्टिनिकमध्ये फोर-द-फ्रान्सच्या धक्क्यावरून छोटी प्रवासी बोट खाडी ओलांडून आन्स मितांच्या पुळणीवर नेते. तिथे फाटक नाही. कारण सतराव्या शतकात फ्रेंच राजाने बेटांच्या कडेने 'राजाची पन्नास पावले' नावाचा ८१.२० मीटर रुंदीचा पट्टा स्वतःकडे राखला होता. हेतू संरक्षणाचा होता: तटबंदी, सैन्याची ये-जा, जहाजदुरुस्तीसाठी लाकूड. लोकांच्या सुखाचा विचार त्यात नव्हता. पण मळेवाल्यांना हा पट्टा विकत मिळाला नाही, १८४८ नंतर मुक्त झालेल्या गरिबांनी त्यावर झोपड्या बांधल्या, आणि १९८६ च्या फ्रेंच किनारा कायद्याने तो सार्वजनिक सागरी मालमत्तेत टाकला. राजाच्या तोफांसाठी राखलेली जागा आज टॉवेल अंथरायला उपयोगी पडते.

सेंट थॉमस १९१७ पर्यंत डेन्मार्ककडे होते, मग ते अमेरिकेने विकत घेतले. तिथे १९७१ च्या कायद्याने किनारपट्टी लोकांना खुली ठेवली. तिथली मेगन्स बे ही पुळण आर्थर फेअरचाइल्ड यांनी १९४६ मध्ये लोकांसाठी देऊन टाकली. परगावच्या माणसाला तिथेही शुल्क पडते. डॉक्टर्स केव्हशी तुलना करून पाहा: दोन्ही देणग्या, दोन्हीकडे तिकीट, पण देणगी कोणाला दिली यात फरक.

बार्बाडोसमध्ये ब्रिजटाउनचे खोल पाण्याचे बंदर १९६१ मध्ये सुरू झाले. तिथून निघून गावातून चालत गेलात तरी कार्लाइल बेच्या पुळणीवर पोचता. बार्बाडोसमध्येही इंग्लिश कायदाच आला होता, पण तिथे पुळणी सार्वजनिक आहेत अशी समजूत लोकांत पक्की आहे आणि सरकारही तीच मानते. खुर्ची आणि छत्री भाड्याने मिळते, वाळू फुकट. ही समजूत आपोआप टिकलेली नाही. १९८२ मध्ये हॉटेलांसमोरची पुळण हॉटेलांच्या हातात द्यावी, असा सूर पर्यटन मंडळाच्या अध्यक्षांकडून निघाला, तेव्हा मायटी गॅबी या कॅलिप्सो गायकाने त्यांच्या पहिल्या नावावरून 'जॅक' हे गाणे केले. ते गाणे सगळ्या बेटाच्या तोंडी झाले. सारखाच वारसा असलेल्या दोन बेटांत एकीकडे फाटके वाढली आणि दुसरीकडे कमी, याचे उत्तर फक्त कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, एवढे यातून दिसते.

फाटकच समुद्रात नेले तर

या सगळ्या भानगडीवर कंपन्यांनी स्वतःचा तोडगा काढला. १९७७ मध्ये नॉर्वेजियन कंपनीने बहामातले ग्रेट स्टिरप के हे बेट घेतले आणि तिथे प्रवाशांना पुळणीचा दिवस देऊ लागली. १९८६ मध्ये रॉयल कॅरिबियनने हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरील लाबादी हे भूशिर भाडेपट्ट्याने घेऊन कुंपण घातले. पुढे जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने आपली पुळण केली. अशा ठिकाणी टॅक्सी नाही, घासाघीस नाही, घड्याळाचा घोळ नाही. स्वतंत्रपणे बाहेर पडण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण बाहेर असे काही ठेवलेलेच नाही.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्तोप्रँसमध्ये अपरिमित माणसे मेली. त्यानंतर तीन दिवसांत लाबादीला क्रूझ जहाज लागले आणि प्रवासी पुळणीवर उतरले. जगभर टीका झाली. कंपनीचे म्हणणे असे की जहाजातून मदतीचे सामान नेले आहे आणि तिथल्या स्थानिक कामगारांची रोजी थांबवून हैतीचे भले होणार नाही. ते म्हणणे सहज झिडकारण्यासारखे नाही. लाबादी भूकंपक्षेत्रापासून दूर होते आणि तिथल्या कामगारांना त्या दिवशीही मजुरी हवी होती. पण लोकांना नेमके काय खुपले, हे पाहण्यासारखे आहे. कुंपण आधीपासून होते. त्याच्या पलीकडे देश आहे, हे त्या आठवड्यात पहिल्यांदा अनेकांच्या लक्षात आले.

वहिवाट

पुन्हा जमैकात येऊ. १९५६ च्या कायद्याने लोकांना हक्क दिला नाही, तरी एक जुने दार उघडे राहिले होते. जमैकाच्या १८८२ च्या 'प्रिस्क्रिप्शन ॲक्ट'प्रमाणे एखादी पुळण लोक स्नानासाठी किंवा मासेमारीसाठी सलग वीस वर्षे बिनविरोध वापरत आले असतील, तर तो वापर हक्क बनतो. मराठीत याला नेमका शब्द आहे: वहिवाट. भारताचा सुविधाधिकार कायदाही १८८२ चाच, आणि त्यातही मुदत वीस वर्षांचीच. शेताच्या बांधावरून वाट मागणारा आपल्याकडचा शेतकरी आणि पुळणीवर वाट मागणारा जमैकन कोळी, दोघेही एकाच इंग्रजी कायदेपरंपरेची भाषा बोलतात.

पोर्टलंड परगण्यात पोर्ट अँटोनिओच्या पूर्वेला विनिफ्रेड नावाची पुळण आहे. पोर्ट अँटोनिओ म्हणजे केळ्यांच्या जहाजांचे तेच बंदर. या पुळणीवर पिढ्यान्‌पिढ्या आसपासची माणसे रविवारी येत, तळलेले मासे विकत आणि पोहत. सरकारी विकास महामंडळाने तिथे प्रकल्प आणायचे ठरवल्यावर स्थानिकांनी वहिवाटीच्या आधारे लढा दिला, आणि २०१४ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. २०२१ नंतर 'जमैका बीच बर्थराइट एन्व्हायर्न्मेंटल मूव्हमेंट' या संघटनेने मॅमी बे, ब्लू लगून, बॉब मार्ली बीच अशा ठिकाणांसाठी हाच मार्ग धरला, आणि १९५६ च्या कायद्यालाही आव्हान दिले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा दाव्यांत पुरावा कशाचा लागतो, ते पाहावे. वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करायची तर खरेदीखत उपयोगाचे नसते, कारण मुळात ते नसतेच. लागतात त्या आठवणी. आजी लहानपणी कुठे पोहायला शिकली, चर्चच्या सहली कोणत्या महिन्यात येत, होड्या कोणत्या झाडाखाली ओढत, वाट कोणाच्या परसातून जाई आणि मालकाने कधी अडवले होते का. एरवी सरकारी दप्तरात ज्यांची नोंद होत नाही अशा माणसांच्या सुट्टीच्या दिवसांची ही नोंद असते. आणि म्हणूनच कुंपणाचा दिनांक महत्त्वाचा ठरतो. फाटक लागले की वापर तुटतो, वापर तुटला की वर्षे मोजणे अवघड होते, आणि ज्यांना तो जुना वापर आठवतो ती माणसे दरवर्षी कमी होत जातात.

तुमची टॅक्सी फालमथला परतताना चार वाजत आले असतील, जहाजाच्या घड्याळात. ड्रायव्हरला विचारून पाहा की तो लहानपणी कुठल्या पुळणीवर पोहायचा, आणि आज तिथे जाता येते का. बहुतेक ड्रायव्हर उत्तर देतात, आणि उत्तर लांब असते. त्यासाठी परतीला थोडा जास्त वेळ ठेवा.